टीव्ही संगणकाला डिशचा डबा समजतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तिथेच कळेल. गोव्यातल्या माशेलच्या घरी यंदाच्या चवथीला ५५ इंची ४के टीव्ही आला. संगणक २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय-३, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीएमआय केबल लावली, चित्र आले. पण चारही कडा कापलेल्या, खालच्या पट्टीवरचे घड्याळ अर्धेच, अक्षरांना पांढरट किनार, माऊस चिखलातून चालल्यासारखा, आणि आवाज टीव्हीतून येतच नाही. वडिलांना मोठ्या अक्षरांत मराठी दैनिके वाचायची आहेत. शिवाय गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी तुम्ही खटपट करून संगणकात उतरवून घेतल्या आहेत, त्या हॉलमध्ये बसून बघायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, संगणक जुनाट झाला, नवे ग्राफिक्स कार्ड आणि सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या. घ्यावे का?

घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या पाच तक्रारींपैकी चार रिमोट आणि माऊस हातात घेऊन फुकटात सुटतात. पाचवी, म्हणजे माऊसची, तीही तुमच्या कामापुरती सुटते. पण तुम्ही अगदी शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिले आहे: "कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, पण ते पहिल्यापासूनच आहे." मी तुमच्या घरी आलो असतो तर चित्राकडे न बघता आधी तिथेच वाकलो असतो. म्हणून सुरुवात तिथून.

संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, काही फेजपासून लोखंडी पेटीला जोडलेले, काही न्यूट्रलपासून. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटी फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्येच लोंबकळत राहते, म्हणजे २३० च्या निम्म्याला, ११०-११५ व्होल्टला. प्रवाह फार थोडा, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या. पण एचडीएमआयच्या पोर्टामागे जी चिप बसलेली असते ती तीन-पाच व्होल्टांवर जगणारी. तिला हे सोसत नाही.

आता दुसऱ्या टोकाला बघा. टीव्हीची स्वतःची पिन बहुतेक वेळा दोन काड्यांची, म्हणजे अर्थिंगशी त्याचा संबंधच नाही. पण डिशची केबल छपरावर जाते, तिथे लोखंडी पायपाला धरलेली असते, ओल्या भिंतीवरून खाली येते. त्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून टीव्हीला आडवाटेने जमीन मिळते. एकीकडे लोंबकळणारा संगणक, दुसरीकडे जमिनीला टेकलेला टीव्ही, आणि तुम्ही चालू विजेत एचडीएमआय खुपसता. मग फरक मिटवायला प्रवाह त्याच केबलमधून धावतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. फोंड्यात संगणक दुरुस्त करायला लागलो त्याला २० वर्षे होऊन गेली. त्यातल्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. डिचोलीजवळ एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जुन्या घरी टीव्हीला संगणक जोडायला गेलो. घरातली म्हातारी म्हणाली, "टीव्ही शॉक मारता मरे." मी हसण्यावारी नेले. केबल लावताना बारीकशी ठिणगी दिसली, आणि टीव्हीचा तो पोर्ट मेला, संगणकाचाही मेला. टीव्हीचे बोर्ड माझ्या खिशातून भरून दिले. तेव्हापासून नियम असा की जोडताना दोन्ही यंत्रांच्या पिना भिंतीतून काढलेल्या, डिशची केबल टीव्हीपासून सोडवलेली. आधी एचडीएमआय, मग डिश, मग वीज. या क्रमाला एक मिनिट जास्त लागते.

मुंग्या पहिल्यापासून आहेत म्हणता, तर दोन शक्यता मला जास्त वाटतात. जुन्या घरात सॉकेट तीन भोकांचे बसवलेले असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. किंवा तार आहे, पण तुम्ही वापरता तो एक्स्टेंशन बोर्ड आतून दोनच तारांचा आहे. हे दोन्ही नसेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलेला असणार. आपली जमीन जांभ्याची, पावसात पाणी पिऊन राहते आणि एप्रिल-मेत खडखडीत होते. सुकलेल्या जांभ्यातून वीज नीट जात नाही. चवथीला ठीक असलेले घर शिमग्यानंतर मुंग्या देऊ लागते ते यामुळेच. तिथे खड्ड्यात पाणी ओतणे हा खराखुरा उपाय आहे, अंधश्रद्धा नव्हे.

वायरमनकडून मीटर लावून घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास येईल. फेज ते अर्थ जवळपास तेवढेच यायला हवे. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज ते अर्थ शंभरच्या घरात आले किंवा आकडा नाचत राहिला तर अर्थिंग नाही असे समजा. आणि एक गोष्ट कोणी सुचवली तर त्याला चहा पाजून परत पाठवा: सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकणे. मुंग्या त्या दिवशी थांबतात. पण कधी न्यूट्रल तुटला की तीच पेटी थेट २३० वर जाते, आणि तिला हात लावणारे तुमचे वडील असतात.

हे झाले की टीव्ही आणि संगणक एकाच, तीन तारांच्या बोर्डावर घ्या. आता चित्राकडे येऊ.

कडा का कापल्या जातात? जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड नेमकी कुठे पडेल याचा भरवसा नसे. म्हणून चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे करून कडा चौकटीमागे लपवत. नळी गेली, सवय राहिली. आजही बरेच टीव्ही एचडीएमआयवर काही आले की ते डिशच्या डब्यातून आले असे धरून चालतात आणि चित्र थोडे फुगवतात. बातम्यांच्या वाहिनीत ते कळत नाही. संगणकात कडेलाच सगळे कामाचे असते, म्हणून तिथे लगेच कळते.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात, दुकानातली पोरेही. संगणकातल्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान करतात. कडा दिसू लागतात, सगळे खूश. पण झाले काय? संगणकाने चित्र आकसले आणि टीव्हीने ते पुन्हा फुगवले. दोनदा पीठ चाळून पीठच राहते, दोनदा ताणून चित्र राहत नाही. अक्षरे पुसट होतात. इलाज टीव्हीतच करायचा. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये एलजीत "जस्ट स्कॅन", सोनीत "फुल पिक्सेल", सॅमसंगमध्ये "स्क्रीन फिट" अशा नावाने तो असतो. तुमचे मॉडेल तुम्ही कळवलेले नाही, त्यामुळे नेमकी पायरी सांगता येत नाही, पण शोधायचे काय ते हेच: ठिपक्याला ठिपका, न फुगवता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती दिसायला इतकी क्षुल्लक की कोणी करत नाही. इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचे नाव किंवा चिन्ह बदलून "पीसी" करता येते. सॅमसंग आणि एलजीत तर हे नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे. त्याने टीव्हीची आतली वागणूक बदलते. डिशचे चित्र समजून टीव्ही रंगांची माहिती निम्मी-पाव करून टाकतो: उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा, पण रंग दोन किंवा चार ठिपक्यांत मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यावर हे चालून जाते. काळ्या-पांढऱ्या मजकुरावरही फारसे दिसत नाही. पण निळ्यावर लाल अक्षरे ठेवून बघा, अक्षर कडेने विरघळते. आणि आपल्या लिपीत अनुस्वार, उकार, रफार इतके बारीक की त्यांची गिचमिड होते. "पीसी" केले की प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा रंग परत मिळतो, आणि चित्र सुधारण्याचे आतले बरेचसे उद्योगही बंद पडतात.

अक्षरांची पांढरट किनार मात्र बहुधा शार्पनेसची. दुकानाच्या झगझगाटात टीव्ही विकला जावा म्हणून तो कारखान्यातून चढवूनच येतो. उतरवा. कुठे थांबायचे ते कंपनीवर आहे. पुष्कळ टीव्हींत शून्याजवळ, सोनीत मात्र मध्य ५० ला असतो, त्याखाली गेलात तर चित्र उलट मऊ होते. चित्राचा प्रकारही "व्हिव्हिड" असेल तर बदला. आणि काळा रंग राखाडी वाटला किंवा सावलीतले सगळे बुजलेले दिसले, तर दोन्ही बाजूंची रंगांची मर्यादा जुळत नाही: संगणक ० ते २५५ पाठवतो आणि टीव्ही १६ ते २३५ ची अपेक्षा करतो, किंवा उलट. दोन्हीकडे एकच ठेवा, एवढे पुरे.

आवाजाचे एका वाक्यात: विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरवर टिचकी मारून आवाज कुठे जावा ते निवडता येते, तिथे टीव्हीचे नाव निवडा. ज्यांच्याकडे फक्त जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल असेल त्यांनी यात वेळ घालवू नये. त्या केबलमधून आवाज जातच नाही, संगणकाचे स्पीकर वापरावेत.

आता माऊस, आणि त्याच्या निमित्ताने ते ग्राफिक्स कार्ड.

२०१४ च्या तुमच्या संगणकाच्या मदरबोर्डावरची एचडीएमआय १.४ या पिढीची असणार. तिच्यातून ४के जाते, पण सेकंदाला ३० चित्रे. साठची सवय असलेल्या हाताला तीस म्हणजे चिखलच. ४के साठने पाठवायचे तर एचडीएमआय २.० लागते, तिचे मानक २०१३ मध्ये आले, पण ते संगणकांत उतरायला वेळ लागला. म्हणून दुकानदार कार्ड म्हणतो, आणि तेवढ्यापुरते त्याचे बरोबर आहे. फक्त जे स्वस्त कार्ड सहसा पुढे केले जाते, जीटी ७१०, त्याचीही एचडीएमआय ४के ला तीसवरच थांबते! म्हणजे पैसे जातील आणि माऊस तसाच राहील. शिवाय चौथ्या पिढीचा आय-३ यूट्यूबचे ४के उलगडताना धापा टाकतो, कारण ते ज्या पद्धतीने दाबून पाठवतात ती उलगडण्याची सोय त्या चिपमध्ये नाही. ४के बघायचेच असेल तर टीव्हीच्या स्वतःच्या ॲपमध्ये बघा. तिथे संगणकाचा संबंधच येत नाही.

तुम्ही संगणकाचे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, १९२० गुणिले १०८० वर आणा. त्याला साठ चित्रे जातात, माऊस त्या क्षणी सुटा होतो. "पण मग ४के टीव्ही घेऊन काय केले?" असे मनात येईल. थोडा हिशेब करू. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, म्हणजे १०८० चा एक ठिपका ०.६३ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला १० फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरच्या खालचे तपशील वेगळे दिसत नाहीत. वडील सोफ्यावर १० फुटांवर बसत असतील तर फरक त्यांना दिसणारच नाही. पाच फुटांवर खुर्ची घेऊन वाचणार असतील तर मात्र दिसेल, आणि तेव्हा माझे उत्तर बदलेल: संगणकामागे डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र बाहेर पाठवायचा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट, आहे का बघा. असेल तर त्यातून ४के साठने बाहेर काढणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर मिळतो, कार्डापेक्षा सोपा. घेताना डिस्प्लेपोर्टाकडून एचडीएमआयकडे जाणारा आहे हे पाहून घ्या, हे कन्व्हर्टर उलटे चालत नाहीत. त्याच्यासाठी टीव्हीतही त्या पोर्टाचे पूर्ण क्षमतेचे सेटिंग चालू करावे लागते, काही टीव्हींत ते सुरुवातीला बंद असते.

आणि नाटके? त्यांना तर ४के चा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅसेटीत वरून खाली ५७६ रेघा असत, आडवे तपशील त्याहून कमी, सुमारे २४० रेघांएवढे. जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात, हॅलोजनच्या उजेडात, खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलेले नाटक जगातले कुठलेही कार्ड लावले तरी त्याहून स्पष्ट होणार नाही. पण ते आज दिसते त्यापेक्षा पुष्कळ चांगले मात्र दिसू शकते, आणि या कामात मला खरोखर गोडी आहे, म्हणून थोडे सविस्तर.

कॅसेटीवरचे चित्र एका दमात काढलेले नसते. आधी एकाआडच्या रेघा, मग उरलेल्या, सेकंदाला ५० वेळा. सपाट पडद्यावर दोन्ही एकत्र दाखवले की हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीचे दात दिसतात. राजा तलवार उपसतो आणि तलवारीची जाळी होते, ते हेच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नाटक चालू असताना "डी" दाबा, दात गळतात. मग व्हिडिओच्या यादीतून डीइंटरलेसचा प्रकार "याडिफ २एक्स" निवडा. त्याने पन्नासच्या पन्नास हालचाली परत येतात आणि पाऊल टाकणे नैसर्गिक वाटते. पण पन्नासचे साठमध्ये बसवताना अधूनमधून हिसका बसतो. म्हणून विंडोजच्या डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये टीव्हीचा दर ६० ऐवजी ५० हर्ट्झ करा. आपल्याकडे विकले जाणारे टीव्ही ५० घेतात. आणि नट सगळे आडवे सुटलेले दिसत असतील तर चित्र ४ः३ चे आहे आणि टीव्हीने ते ताणले आहे. व्हीएलसीत "ए" दाबत गेलात की आकार बदलत जातो, चेहरे ओळखीचे दिसले की थांबा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या.

केबलबद्दल. संगणक टीव्हीशेजारी आणणार असाल तर दीड-दोन मीटरची साधी, बऱ्यापैकी केबल पुरते. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोहोचतात किंवा नाही. सोन्याने रंग उजळत नाहीत. फक्त एक प्रामाणिक कबुली: किनाऱ्याजवळच्या घरांत खारट दमट हवेने पिना काळवंडतात, तिथे मुलाम्याचा थोडा फायदा मी पाहिला आहे. माशेलला फारसा नसावा. आतल्या खोलीतून हॉलमध्ये आणायची असेल तर १०८० ला १० मीटरपर्यंत चांगली तांब्याची केबल सहसा चालते. त्यापुढे किंवा ४के ला ऑप्टिकल केबल घ्यावी. तिचे एक टोक संगणकाचे आणि एक टीव्हीचे असे ठरलेले असते, भिंतीतून ओढण्याआधी वाचून घ्या. एकाने पूर्ण छत उघडून उलटी ओढली होती.

बिनतारीही जोडता येते, विंडोजच्या चिन्हाबरोबर "के" दाबून. फोटो दाखवायला ठीक. पण तुमचे घर चिऱ्याचे असेल तर हातभर जाडीच्या दोन भिंती ओलांडताना वायफायचा जीव जातो, आणि माऊस हलवल्यावर तो पडद्यावर हलायला अर्धा क्षण लागतो. वडिलांना ते पटणार नाही.

मिरगाआधीचे वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस या दोन्हीत कडकडाट जास्त. गडगडू लागले की बोर्डाचे बटण बंद करून भागत नाही. पिना काढा, डिशची केबल काढा, इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही.

शेवटी वडिलांच्या हातात काय द्यायचे. बिनतारी कीबोर्ड-माऊसचा जोड घ्याल, त्याची ती इवलीशी यूएसबी कळी (रिसीव्हर) संगणकाच्या मागे, लोखंडाआड खुपसू नका, आणि निळ्या यूएसबीच्या शेजारी तर नकोच. त्या पोर्टांचा गोंगाट त्याच लहरींवर पडतो आणि सोफ्यावरून माऊस अडखळतो. हातभर लांबीची यूएसबी केबल घेऊन कळी टीव्हीच्या समोर आणून ठेवा. विंडोजमध्ये अक्षरांचा आकार १५० टक्के करा, आणि दैनिक उघडल्यावर कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबायचे, एवढे एकच त्यांना शिकवा. माझ्या अनुभवात दोन दिवसांत जमते.

मीटरवरचे तिन्ही आकडे, टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचे मॉडेल आणि सोफ्यापासूनचे अंतर कळवा. कार्डाचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.